उजव्या बाजूच्या फुल्या

सोमवार, २ सप्टेंबर

आजपासून माझ्या दोन वह्या. एक पागेतली, निळ्या पुठ्ठ्याची अपघात-नोंदवही. तिच्यात काय झालं, कुठे झालं, कोणाला लागलं एवढंच लिहायचं. मनातलं लिहायला तिथे रकाना नाही, म्हणून ही दुसरी.

बाईंना विमावाल्यांचं पत्र आलंय. बाई म्हणजे पागेच्या मालकीणबाई. अठरा घोडे, घोडेस्वारी शिकायला येणारी चाळीसेक मंडळी, आणि कामाला आम्ही पाच जण. त्यात मी मुकादम, सव्वीस वर्षं. पत्रात म्हटलंय की यापुढे बारीकसारीक अपघातही लिहायचा, आणि एकाच जनावराच्या नावावर सहा महिन्यांत तीन नोंदी झाल्या तर ते जनावर पागेत ठेवायचं नाही.

"वही तुम्हीच लिहा ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे," बाई म्हणाल्या. चांगल्या अक्षराचा मला जन्मभर हाच फायदा झालाय.

दुपारी फळ्यावर बारा नियम लिहिले. दोर हाताला गुंडाळायचा नाही. घोड्याशेजारी गुडघे टेकून बसायचं नाही, उकिडवं बसायचं. बांधताना एका झटक्यात सुटणारी गाठ मारायची. गवत झटकण्याआधी भिजवायचं. नववा नियम माझा स्वतःचा: ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याची झोप झालेली नाही, त्याने त्या दिवशी घोड्याला हात लावायचा नाही. बाईंना तो फार आवडला.

पाय भरून आलेत. नव्या बुटांच्या बोटांवर लोखंडी वाटी आहे म्हणे. दिवसभर दोन तवे पायात घालून फिरल्यासारखं वाटतं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पहिली नोंद, आणि तीही कोणाची? मावशीची.

मावशी ही आमची सर्वांत जुनी घोडी. एकोणीस वर्षांची, तांबडी, कपाळावर चांदणी. जो कोणी इथे पहिल्यांदा घोड्यावर बसला तो हिच्याच पाठीवर. पोरं पाठीवर रडली, ओकली, झोपली, हिने कधी कान मागे केले नाहीत. म्हणून मावशी. शिंगरू होती तेव्हा आजारात मी आठ दिवस हिच्या ठाणात गोणपाटावर झोपले होते.

तर आज सकाळी खरारा करून तिला बाहेर काढत होते, आणि तिने माझ्या उजव्या पायावर खूर ठेवला. पायात जुने बूट होते. (हे नोंदवहीत लिहिलं. नियम म्हणजे नियम.) करंगळी जांभळी झाली. तिने लगेच पाय उचलला, पण ठेवायचाच कशाला?

नोंदवहीच्या प्रत्येक पानावर माणसाचं चित्र छापलेलं आहे. लागलं असेल तिथे फुली मारायची. मी करंगळीवर फुली मारली. 'कारण' या रकान्यात लिहिलं: घोडीने पाय दिला. लिहिताना बरं वाटलं नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

आज लंबूची ढकलगाडी नडगीला लागली. लंबू माझ्या हाताखालचा मोतद्दार, घोड्यांचं खाणंपिणं-साफसफाई बघणारा, उंटाएवढा उंच, बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण वस्तू जागेवर ठेवायचं वळण नाही. लिदीची गाडी भर वाटेत. मी बोलले. तो म्हणतो, "ताई, गाडी तिथेच असते की रोज." रोज चुकीच्या जागी ठेवली म्हणजे ती जागा बरोबर होते का?

शिवाय त्याला मांजरासारखं चालायची सवय लागलीये. अचानक उजवीकडून उगवतो आणि काळजाचं पाणी करतो. "बोलत येत जा," म्हणून सांगितलं. तर म्हणाला, "बोलतच येतो ताई, तुम्हीच दचकता."

काल लगामाच्या खुंटीवर कपाळ आपटलं होतं, परवा फाटकाच्या कडीवर कोपर. आणखी तीन फुल्या मारून झाल्या. या पागेत एक वस्तू धड नाही.

संध्याकाळी डोकं दुखतं, उजव्या भुवईच्या वर. गवताची धूळ. दिव्याभोवतीही धुळीची कडी दिसतात, रंगीत. गवत अजून नीट भिजवायला हवं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

घरी आम्ही दोघीच. मी आणि वन्सं, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तो गेला, लेक लग्न होऊन लांब गेली, उरलो आम्ही एकमेकींना बोलायला. वन्सं बहात्तरच्या आहेत आणि जिभेला अजून गंज नाही.

आज चहा ओतत होते तर म्हणाल्या, "वहिनी, कप इकडे आहे. तू टेबलाला पाजतेयस."

"दमलेय वन्सं."

"दमलेला माणूस कमी ओततो. बाजूला नाही ओतत."

मी फडकं आणून पुसलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

दुसरी नोंद. पुन्हा मावशी.

तिला धरून उभी होते, नेहमीसारखी तिच्या डाव्या अंगाला. घोडा नेहमी त्याच्या डावीकडून धरायचा, म्हणजे तो आपल्या उजव्या हाताला येतो. जगभर असंच करतात. उभी होते, लंबूशी बोलत होते, आणि हिने माशीसाठी मान फिरवली ती धाडकन माझ्या उजव्या खांद्यावर. घोड्याचं डोकं म्हणजे भरलेला हंडा. मी खांबावर जाऊन आदळले.

लंबू म्हणाला, "ती हळूच वळली होती ताई. मला वाटलं तुम्ही बाजूला व्हाल."

मला दिसलं असतं तर झाले नसते का बाजूला? माशीच्या वेगाने मान मारली तिने. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, दोन आठवडे हात झोळीत.

आणखी एक. हल्ली ती दारात अडते. ठाणातून निघते नीट, पागेच्या अरुंद दाराशी आली की चारी पायांवर खिळते. ओढा, चुचकारा, ढिम्म. मी उंबरा ओलांडला की मग सावकाश येते. हेही वहीत लिहिलं, 'वाईट खोडी' या रकान्यात. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "म्हातारपणी स्वभाव बदलतो ताई. अजून एक झाली तर मला काही करता येणार नाही."

मला वहीच फाडून टाकावीशी वाटली. पण वहीत खोटं लिहून घोडी राखली आणि उद्या तिने एखाद्या पोराला चिरडलं तर? म्हणून लिहिते.

शुक्रवार, २० सप्टेंबर

लंबूचे डोळे आलेत. खरं म्हणजे एकच आलाय, डावा, टोमॅटोसारखा लाल. तरी कामावर हजर.

"नियम नऊ," मी म्हटलं. "घरी."

"एकच डोळा आलाय ताई. दुसऱ्याने सगळं दिसतंय."

"घोडा अर्धा असता तर चाललं असतं."

सगळे हसले. तो बिचारा गेला घरी, हिरमुसून. त्याची चार ठाणी मला एका हाताने साफ करावी लागली. कंबर राहिली नाही. पण नियम सगळ्यांना सारखा.

मंगळवार, १ ऑक्टोबर

डॉक्टरांनी झोळी आणखी दोन दिवस वाढवलीये. उजवा हात चालत नाही म्हणून हे पंधरा दिवस मावशीला उलट्या बाजूने नेतेय, तिच्या उजवीकडून, डाव्या हातात दोर. बघणाऱ्याला विचित्र वाटतं, मलाही सुरुवातीला वाटलं. पण गंमत अशी की मावशी एकदम शहाणी झालीये. पाय देत नाही, मान मारत नाही, दारातही अडत नाही. पंधरा दिवसांत एक फुली नाही. सुधारली म्हणायची. मला इतका आनंद झाला की बाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं.

आज नालबंद आला होता. वीस वर्षं आमच्या घोड्यांना नाल ठोकतोय, मला मुकादमच म्हणतो. माणूस चेष्टेखोर, पण आज विचित्र वागला. मी मावशीला धरून उभी, तो माझ्या उजवीकडे. नंतर लंबूने सांगितलं की तो जुना नाल माझ्या कानाजवळ धरून हलवत होता म्हणे, घंटेसारखा. या वयात हे चाळे! मी लक्षच दिलं नाही, मला कामं होती.

जाताना म्हणाला, "मुकादम, डोळे तपासून घ्या एकदा."

"चष्मा दोनच वर्षांपूर्वी घेतलाय."

"मी चष्म्याचं म्हणत नाहीये."

"मग कशाचं?"

त्याने हत्यारं पेटीत टाकली आणि वन्संची तब्येत विचारली. जवळचं अजून सुईत दोरा ओवण्याइतकं दिसतं मला.

बुधवार, ९ ऑक्टोबर

झालं. तिसरी.

हात बरा झाल्यापासून आठवडाभर मावशीला पुन्हा नेहमीच्या बाजूने नेत होते. पहिल्याच दिवशी दारात अडली. आज तर बाई समोर, शिकायला आलेल्या मुलांचे आईबाप समोर, आणि ही खिळली. मला राग आला, खोटं कशाला लिहू. चार लोकांत माझी शोभा. दोर जोरात ओढला. ती आली, आणि तिच्या पुढच्या पायात माझा उजवा पाय अडकला. मी ओल्या फरशीवर सपशेल आडवी. गुडघा फुटला, तळहात सोलला. वर बघते तर हिचा खूर माझ्या बरगड्यांच्या वर, हवेत.

कोणीतरी किंचाळलं. लंबूने मला ओढून बाहेर काढलं.

वहीत लिहिलं: घोडीने पाय उगारला. लंबू मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "उगारला नाही हो ताई. टेकवला नाही तिने. तुम्हाला काढेपर्यंत तीन पायांवर उभी होती. थरथरत होती."

मी त्याला म्हटलं, तू साक्षीदाराच्या रकान्यात सही कर आणि जा. त्याने सही केली, पण माझ्याकडे न बघता.

गुरुवार, १० ऑक्टोबर

शनिवारी सकाळी नऊला गाडी येणार आहे. जनावरांचा दलाल नेणार. पुढे कुठे, ते बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकोणीस वर्षांची, 'माणसांवर धावून जाते' असा शेरा असलेली घोडी कोण कशाला पाळेल? आम्हा दोघींनाही ते माहीत होतं. बाईंचे डोळे भरले होते. माझे कोरडेच राहिले, त्याचीच मला लाज वाटली.

मावशीच्या ठाणाकडे फिरकले नाही. लंबूला चारा घालायला सांगितलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज अक्षर धड येत नाहीये.

बाईंनी एक काम दिलं होतं. विमावाल्यांना सगळ्या नोंदींचा एकत्र कागद हवाय: कोरं चित्र घ्यायचं, आतापर्यंतच्या सगळ्या फुल्या त्या एकावरच मारायच्या. पागेत वेळ झाला नाही म्हणून वही घरी आणली. जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. समोर वन्सं शेंगा सोलत होत्या.

करंगळी, उजवी. नडगी, उजवी. कपाळ, उजवीकडे. कोपर, उजवं. खांदा, उजवा. गुडघा, उजवा. तळहात, उजवा.

सात फुल्या. चित्रातल्या माणसाचं एक अंग चाळणी झालेलं आणि दुसरं कोरं करकरीत. मी पानं पुन्हा उलटून पाहिली, काही चुकलं असेल म्हणून. चुकलं नव्हतं. घोडी बदलली, म्हातारपणी खोडकर झाली, मान्य. पण ढकलगाडी? खुंटी? फाटकाची कडी? त्याही मला एकाच बाजूने मारायला लागल्या?

मग नालबंद आठवला. कानाजवळ नाल धरून.

मी डावा डोळा तळहाताने झाकला आणि वन्संना विचारलं, "दिवा गेला का हो?"

"दिवा कुठे गेला? लख्ख आहे की."

मला वन्सं दिसत नव्हत्या. टेबल दिसत नव्हतं. नाकाजवळ थोडा राखाडी उजेड, बाकी काही नाही. हात काढला तर सगळं जागच्या जागी. पुन्हा झाकला, पुन्हा गेलं. तीनदा केलं. वन्संच्या हातातल्या शेंगा थांबल्या.

"वहिनी, कधीपासून?"

"माहीत नाही."

माहीत नव्हतं हे खरं. माहीत करून घ्यायचं नव्हतं, हेही तितकंच खरं. खांदा झोळीत होता तेव्हा घोडी माझ्या डावीकडे होती, मला पूर्ण दिसत होती. ती सुधारली नव्हती. आणि मी बाईंना आनंदाने सांगायला गेले.

वन्सं उठून माझ्या डावीकडच्या खुर्चीवर येऊन बसल्या. सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले. त्यांच्या बाबतीत हे फार झालं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सहालाच पागेत गेले. वहीचा नियम असा की खाडाखोड करायची नाही. चूक असेल तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. तिन्ही पानांवर 'घोडी' या शब्दावर रेघ मारली. कारण: मुकादमला उजव्या डोळ्याने दिसत नाही. 'पाय उगारला' खोडून लिहिलं: पाय टेकवला नाही. लंबूला पुन्हा सही करायला बोलावलं. त्याने वाचलं, सही केली, आणि नाक पुसत बाहेर गेला.

बाई आठला आल्या. उभ्याउभ्याच वाचलं.

"गाडी निघालीये ताई. तुम्ही तिला वाचवायला म्हणून लिहीत असाल तर..."

"माझ्या उजवीकडे या आणि बोटं धरा," मी म्हटलं. "किती ते मी सांगते."

त्या आल्या. बराच वेळ गेला.

"धरलीत का?" मी विचारलं.

बाईंनी माझा दंड पकडला. त्यांचा हात गार होता. "धरली होती," त्या म्हणाल्या. "ताई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"नववा नियम माझाच आहे."

फळ्यावर रोज कोणी कोणते घोडे सांभाळायचे ते लिहितो. तिथलं माझं नाव मीच पुसलं. सव्वीस वर्षं वरच्या ओळीत होतं. लंबूला ज्या तोऱ्यात घरी पाठवलं होतं तो तोरा आठवला आणि कानशिलं तापली. त्याने एका शब्दानेही आठवण करून दिली नाही. दिली असती तर सोपं गेलं असतं.

गाडी आली आणि रिकामी परत गेली. दलाल जाण्यायेण्याच्या त्रासाबद्दल बराच बडबडला. मी गवताच्या खोलीत जाऊन बसले आणि मग एकदाची रडले, चांगली पोटभर.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

डोळ्यांचे डॉक्टर. वन्सं सोबत होत्या, माझ्या उजवीकडून चालत. काचबिंदू. उजव्याचं गेलं ते गेलं, परत येणार नाही. डावा डोळा थेंब घालून राखता येईल, वेळ चुकवायची नाही. दिव्याभोवतीची कडी, डोकेदुखी, सगळं त्याचंच. मी बिचाऱ्या गवताला बोल लावत होते.

डॉक्टर म्हणाले, "दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही."

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "टेबलाला पत्ता लागला होता."

हसले. फार दिवसांनी.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आता माझं काम: चाऱ्याची खोली, औषधांचं कपाट, वही, फळा. घोड्यांना हात लावायचा तर कोणीतरी शेजारी हवं. दिवस सरता सरत नाही. काम कमी झालं तरी थकवा तेवढाच आहे, फक्त अंगातला मनात गेलाय.

आज दुपारी खिडकीतून पाहत होते. लंबू मावशीला बाहेर काढत होता. मी मनात म्हटलं, आता दाराशी अडेल. अडली नाही. सरळ निघाली, पाण्याच्या टाकीकडे.

मी बाहेर जाऊन विचारलं, "हिची दारात अडायची खोड गेली का रे?"

लंबू जरा घुटमळला. "ताई, तिला ती खोड नव्हतीच. आमच्या कोणाबरोबर कधी अडलीच नाही. तुमच्याबरोबरच थांबायची. तेही तुम्ही नेहमीच्या बाजूला असलात की."

बाई तिथेच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच परवानगी दिली. लंबूने मावशीला परत ठाणात नेलं, दोर घेऊन तो तिच्या उजवीकडे उभा राहिला. मी टोपी घातली, बूट बघितले, आणि माझ्या जुन्या जागी गेले, तिच्या डाव्या खांद्याशी, रिकाम्या हातांनी. म्हणजे ती माझ्या आंधळ्या बाजूला. दिसत नव्हती, फक्त ऊब लागत होती.

"चल," लंबू म्हणाला.

निघालो. दाराशी तिची पावलं थांबली. लंबूने दोर सैल सोडला होता, कोणी ओढत नव्हतं, कोणी काही बोलत नव्हतं. मी हात लांबवून चाचपडले. तिने मान माझ्याकडे वळवली होती. नाक माझ्या तळहाताला लागलं.

मी उंबरा ओलांडला. मग ती आली.

आत जाऊन निळी वही उघडली. सोळा सप्टेंबरच्या पानावर, 'वाईट खोडी'च्या रकान्यात, एक रेघ मारायची राहिली होती. ती मारली आणि सही केली.